सेमिसीच्या लेकीसाठी घेतलेलं नवं भांडं

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो, ॲल्युमिनिअमचा, पन्नास माणसांचं एका दमात शिजवणारा. माझी कहाणी गोड नाही आणि मी ती गोड करून सांगणारही नाही.

फिजीतल्या एका कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला, बोटीतून शेजारच्या देशातल्या वावाऊ बेटावर आणलं आणि तिथल्या नेइआफू शहराच्या बाजारात कलोलाईनेने मला विकत घेतलं. तिने लग्न केलं नाही, धाकट्या भावाला, सेमिसीला, वाढवलं. त्याला तिने माझ्यातलंच खाऊ घातलं: कोनफळ, मासे, मेंढीच्या चरबीदार फासळ्या, डब्यातलं खारवलेलं मांस. गावात लग्न असो की मयत, आधी मला बोलावणं यायचं. मी मिरवायचो, खोटं कशाला बोलू? पुढे सेमिसी ब्रिस्बेनला गेला, तिथेच त्याने संसार केला आणि तिथेच वारला. त्याची एकुलती एक लेक तेमालेती तिच्या या आत्याने, कलोलाईनेने, फक्त फोनवर पाहिली होती.

एके रविवारी आत्या प्रार्थनेहून आली आणि तेमालेतीचा फोन आला. पोरगी गावी येणार होती. आत्या रडली. मलाही बरं वाटलं, पण ते आठवडाभरच टिकलं, कारण पोरगी व्हीगन निघाली. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही, मधसुद्धा नाही. दर रविवारी आत्या फोन माझ्या पोटाला टेकवून ठेवायची आणि पलीकडून बेत वाचला जायचा. विमान कुठे बदलायचं, तिथे काय मिळेल, नेइआफूतल्या कुठल्या दुकानात कुठली डाळ असते. बाई प्रवासाला निघाली होती की लढाईला, मला कळेना. जपानात तिला भाजीचं म्हणून माशाच्या पाण्यातलं सूप पाजलं होतं. तेव्हापासून तिचा कोणावर भरवसा नव्हता आणि अर्धी बॅग ती स्वतःच्या खाण्याच्या पाकिटांनीच भरणार होती.

मग एका रविवारी ती म्हणाली, "आत्या, ज्यात कधी मांस शिजलं नाही असं एखादं भांडं असेल का हो तुमच्याकडे?"

शेजारची फुसी नारळ खवत बसली होती. "असं भांडं दुकानात असतं बाई, घरात नसतं," ती म्हणाली.

आमच्याकडे बापाच्या बहिणीपुढे कोणी मान वर करून बोलत नाही, आणि ही कालची पोर तिला भांडी बदलायला सांगत होती! आत्या तिला दोन शब्द सुनावेल म्हणून मी वाट पाहत राहिलो.

आत्या म्हणाली, "नवं आणते. आणि तुझी पाकिटं राहू देत घरी. तुझ्या बापाला मी वाढवलंय, तुला दहा दिवस जेवू घालता येणार नाही का मला?"

त्या एका शब्दावर पोरीने पाकिटं बॅगेतून काढली.

नवं भांडं आलं. छोटं, चकचकीत, बोट लावलं की डाग पडणारं. ते चुलीवर बसलं आणि मी गेलो परसात, डुकरांच्या खरकट्यासाठी. चाळीस वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस.

पोरगी आली. कपाळ अगदी बापाचं. पहिले तीन दिवस आत्याने अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली आणि पोरगी बोटं चाटून जेवली. बापाच्या गोष्टी काढून दोघी हसायच्या. मी परसातून तिला मनोमन शिव्या घालत होतो.

चौथ्या दिवशी फुसीने कुजकटपणे विचारलं, सेमिसीच्या लेकीला नुसता पाला घालतेस होय? आत्याला ते लागलं. पाहुण्याला बिनमांसाचं वाढणं आमच्याकडे कंजुषी धरतात. पोरगी समुद्रावर गेली होती तेवढ्यात आत्याने डबा फोडला, मांस बोटांनी बारीक कुस्करलं आणि पानांत मिसळलं. आमची चूल उघड्यावरची, मला सगळं दिसत होतं. मला आनंद झाला, लपवत नाही. ते चकचकीत भांडंही आता माझ्याच पंगतीत आलं.

पोरगी जेवायला बसली. दुसऱ्या घासाला थांबली. "आत्या, यात काय आहे?"

"काय असणार? पानं आणि नारळ."

पोरीने ताटातलं पान बोटाने उलगडलं. आतून मांसाचा गुलाबी धागा निघाला. ती उठून परसात आली आणि तोंडातला घास तिने माझ्यात थुंकला. आत्या मागोमाग आली.

"उपाशी राहशील म्हणून घातलं गं."

"मी उपाशी नव्हते, आत्या," पोरगी म्हणाली. "आता आहे."

त्या संध्याकाळी तिने मला रिकामा केला आणि वाळूने, राखेने घासायला घेतलं. दोन्ही भांडी बाटलेलीच, मग जाड आहे तेच घासते, असं फुसीला म्हणाली. हात सोलवटेपर्यंत घासलं. पुढचे सहा दिवस ती माझ्यात स्वतःचं स्वतः शिजवून खात होती आणि आत्या मांडीवर हात ठेवून शेजारी बसून बघायची. मला चूल परत मिळाली होती. पण आत्याकडे बघून मला त्याचं काही वाटेना.

शेवटच्या सकाळी आत्याने तिच्यापुढे शहाळं धरलं. "हे मी फोडलेलं नाही," ती म्हणाली. "तूच फोड."

पोरीने ते फोडलं आणि उभ्याउभ्या ती सगळं पाणी प्यायली.

मित्रांनो, पाहुण्याचं खाणं पटलं नाही तर तोंडावर भांडा; मी तर म्हणतो, दारातूनच परत पाठवा. पण त्याच्या ताटात लपवून काही घालू नका. आत्याला भावाच्या लेकीला जेवू घालायचं होतं. शेवटी तिच्या हातून पोरीने घेतलं ते एकच शहाळं, जे तिने फोडलंसुद्धा नव्हतं.