उरलेली अकरा पानं

बाईंचे यजमान रोज एक पान प्रार्थना लिहीत. वहीत अकरा पानं उरली आणि ते गेले. ती पानं त्याच निळ्या शाईत पुरी करायची, असं बाईंनी मनाशी धरलं होतं.

दुकानात सहा बाटल्या उघडून झाल्या, पण प्रत्येक रेघ गडदच उमटली.

“काकू, आता आभाळच बाटलीत भरून आणू का?” दुकानदार हसला.

बाई वहीतल्या फिक्या, धुतल्यासारख्या निळाईत हरवल्या होत्या. यजमान पेन धुवायचे आणि न वाळवताच शाई भरायचे. त्यावरून त्या किती कुरकुरायच्या.

“भाऊ, जरा पाणी द्या.”

पेन धुऊन त्यांनी ओल्यातच पहिल्या बाटलीतली शाई भरली. यजमानांच्या ओळीखाली रेघ ओढली, तर निळाई तीच.