कठड्यावरचा चाकू

रुखमाबाईंच्या पिशवीत नर्सरीतून आणलेला मोगरा होता, आणि तो त्या आपल्या दिवंगत नवऱ्याच्या, गुणवंतरावांच्या बागेतला म्हणून खपवणार होत्या. तेही बागवाल्यांच्या मेळाव्यात! सोनारापुढे पितळ मिरवायला निघण्यातलाच हा प्रकार. पण मेळावा भरवणाऱ्या कलाबाईंनी फोनवर सांगितलं, "यंदा भाऊचा बटमोगरा आणजा बरं, भाऊले जाऊन वर्ष झालं," आणि रुखमाबाईंच्या तोंडून हो निघून गेलं.

सावली गावच्या परसबाग मंडळाचा मेळावा दरवर्षी भाताची रोवणी आटोपली की कलाबाईंच्या वाडीत भरतो. प्रत्येकाने आपल्या बागेतलं एक रोप आणून बांबूच्या तट्ट्यावर ठेवायचं. जेवणं झाली की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि एकेकाने मागे जाऊन हवं ते रोप गुपचूप उचलायचं. कोणी मागायचं नाही, कोणी द्यायचं नाही, आभार तर मुळीच मानायचे नाहीत. मागून नेलेलं झाड रुसतं आणि चोरून नेलेलं हमखास जगतं, यावर मंडळाचा फार विश्वास. शास्त्र काहीही म्हणो.

गुणवंतराव पोस्टमास्तर होते. सिरोंच्याची बदली संपवून परतताना ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी तो बटमोगरा आणला होता. बाकी काहीही मागा, हसत देत. बटमोगऱ्याची फांदी मागितली की मात्र, "मोगरा सोडून बोला." मंडळात त्यांना चिकट म्हणत. तो शब्द रुखमाबाईंना वीस वर्षं टोचत होता. देवमाणूस नवरा, आणि एका फांदीपायी नावाला बट्टा!

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, यंदा आपल्या हाताने सगळ्यांना रोपं द्यायची आणि तो शब्द पुसून टाकायचा. भरपूर फांद्या फुटाव्यात म्हणून उन्हाळ्यातच मोगऱ्याच्या आळ्यात कोंबडखत घातलं. कच्चं. गुणवंतराव मुरलेल्या शेणखताशिवाय त्याला काही देत नसत, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून घाई केली. आठवड्यात पानं करपली, पंधरा दिवसांत नुसती काटकी उरली. त्या दिवशी त्या नवरा गेल्यासारख्या पुन्हा रडल्या होत्या, पण सांगणार कोणाला?

त्यांनी रोप तट्ट्यावर ठेवलं. धनराज नावाचा कंडक्टर मंडळात झाडांचा मोठा जाणकार. त्याने रोप उचललं, एक पान बोटांत धरलं. बटमोगऱ्याचं पान गोल असतं, आणि हे होतं लांबट. धनराज रोप जागेवर ठेवून भात वाढायला गेला.

ताटात बांबूच्या कोंबांची भाजी होती, जवसाची चटणी होती. रुखमाबाईंनी दोन घास खाल्ले. शेवटी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तो मोगरा त्याईचा नाई," त्या म्हणाल्या. "त्याईचा मीच मारला. कच्चं कोंबडखत टाकलं. त्याईनं जितेपणी कोणाले दिला नाई, अन् त्याईच्या मागं मले देता आला नाई."

 मग वाढता वाढता कलाबाई थांबल्या.

"दिला नाई कोन म्हन्ते?" त्यांनी न्हाणीकडे बोट केलं. न्हाणीच्या सांडपाण्यावर कंबरभर उंचीचा बटमोगरा डुलत होता, गोल पानांचा. "सात वर्सं झाले. चोरला मी."

"तुमी बी?" धनराज म्हणाला. "मले वाटे, मीच एकटा चोर हाव."

पंगतीत आणखी दोघांनी माना खाली घातल्या. एकाने घातली नाही, पण त्याचे कान लाल झाले. मग कोणाला हसू आवरेना.

"तुमच्या घरी मी एकटी गेली का," कलाबाई सांगू लागल्या, "भाऊ म्हने, चहाले काऊन वेळ लागते, पाहून येतो. अन् जाताना चाकू मोगऱ्याजवळच्या कठड्यावर ठेवून जाये. धार लावलेला. बाहेर येन्याच्या आधी आतूनच जोरानं खोके. तेवढ्यात आपलं काम करून घ्याचं."

"मंग चिकट काऊन म्हनत होत्या?" रुखमाबाईंनी विचारलं.

"आपली चोरी झाकाले," कलाबाई म्हणाल्या. "मालकिनीले काय सांगून चोरते कोनी?"

रुखमाबाईंना सगळं आठवलं. पाहुणा आला की हे स्वयंपाकघरात येऊन मधेच उभे राहत, आणि त्या करवादत, तुमचं इथी काय काम? पाहुणा गेला की कठड्यावर रसाने हिरवा झालेला चाकू सापडे. जागच्या जागी वस्तू ठेवत नाईत, म्हणून त्या तोही धुवून ठेवत. आणि तो खोकला!

"त्या खोकल्यापायी मी त्याईले अडुळशाचा काढा पाजला," त्या म्हणाल्या. "कितीक वर्सं. अन् त्याईनं तो गुमान पेला."

त्या हसू लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. कोणी समजूत घालायला गेलं नाही, आणि ते बरंच झालं.

जेवणं आटोपली. मंडळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पहिली पाळी रुखमाबाईंना दिली. त्यांनी तट्ट्याकडे पाहिलंही नाही, तडक न्हाणीपाशी गेल्या. न्हाणीच्या कठड्यावर चाकू ठेवलेला होता. कोणी कधी ठेवला, त्यांना कळलं नाही.

त्यांनी दोन फांद्या निवडल्या. पहिलीला चाकू लावला तेव्हा भिंतीकडून धनराज खोकला. मग कलाबाई खोकल्या. मग सगळीच पाठमोरी रांग खोकू लागली, आणि रुखमाबाईंच्या दोन्ही फांद्या कापून होईपर्यंत खोकत राहिली.

त्यांनी फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. आभार मानले नाहीत. चाकू मात्र धुतला, आणि होता तिथेच कठड्यावर ठेवला.