लाल पिसांची चटई

तुआलाने बोलणाऱ्याच्या मानाचा काथ्याचा चवर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकला, घसा खाकरला, आणि गावाच्या पंचांपुढे तो तसाच गप्प बसून राहिला.

असं कधी झालं नव्हतं. गावाचा थोरला सरदार लावेआ, पण त्याच्या वतीने बोलायचं काम तुआलाचं. लग्न असो, मयत असो, कुणाला दंड ठोठावायचा असो, गेली पंचवीस वर्षं गावाचा शब्द बाहेर पडे तो ह्याच्याच तोंडून. स्वतःचं मत सांगायला त्याला कुणी ठेवलंच नव्हतं, आणि त्यालाही कधी त्याची चुटपुट लागली नव्हती.

बिनभिंतींच्या सभाघरात जो तो आपापल्या खांबाला पाठ टेकून बसला होता. आवाची, मुळांच्या त्या कडवट पेयाची, वाटी एकदा फिरून झाली होती. बाहेर खडीवर, ऊन डोक्यावर घेत, तुआलाची मुलगी फुआतिनो मांडी घालून बसली होती. राजधानीत, आपिआच्या कोर्टात ती कारकून. शनिवारी रात्री राष्ट्रप्रमुखाचं फर्मान निघालं की सोमवारची संसद भरणार नाही. रविवारी कोर्ट बसलं आणि फर्मान बेकायदा ठरलं. त्या निकालाचा कागद टाइप करून त्यावर शिक्का मारणारे हात फुआतिनोचे होते, आणि गाव मात्र जवळजवळ सगळं फर्मानाच्या बाजूचं होतं.

"रविवारी आपल्या गावात कुणी कोयता हातात धरला तरी डुकराचा दंड बसतो," लेमाना म्हणाला. त्याची जीभ तिखट, आणि हे त्यालाही ठाऊक. "आणि ह्या न्यायाधीशांना झगे चढवायला देवाचाच दिवस सापडला? तो निकाल नव्हे, ते पाप."

"पण लेमाना, शनिवारी रात्री फर्मान काढायचं आणि सोमवारी सकाळी संसद," मासोए मास्तर म्हणाले. "मधे दुसरा कुठला वार उरतो? मंगळवारी बसायचं होतं का कोर्टाने, मयताला गेल्यासारखं?"

एकदोघे हसले. लावेआ हसला नाही, तसे तेही थांबले.

"बायबल तुम्हीच शिकवता ना पोरांना? शब्बाथ पाळावा."

"त्याच बायबलात लिहिलंय. शब्बाथाच्या दिवशी बैल आडात पडला, तर काढायचा की नाही?"

"बैल पडला कुठे होता, मास्तर? बांधून ठेवला होता, शहाण्या माणसाने. दावं कापलं ते कोर्टाने. आणि सुरी कुणी पुरवली?" लेमानाने हनुवटीने बाहेर दाखवलं. "आपल्याच गावच्या पोरीने. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

"एका माणसाच्या सहीने आपण निवडून दिलेल्या लोकांच्या तोंडावर दार बंद होणार असेल, तर ते घर कुणाचं, एवढंच कोर्टाने विचारलं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खाली आला होता. "त्यात त्या पोरीचा काय दोष?"

"पुरे," लावेआ म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नाही. त्याला तशी गरजच पडत नसे.

"रस्ता, शाळा, पाण्याची टाकी. चाळीस वर्षं हे गाव सत्तेवरच्या कुठल्या पक्षाचं मीठ खातं, ते मास्तरांना मी सांगायला नको. पण ते राहू द्या. कोर्टाचं कोर्टापाशी. गावाचा रविवार गावाचा, आणि तो मोडला गेलाय." त्याने पहिल्यांदा तुआलाकडे पाहिलं. "तुआला. पोरगी तुला विचारून गेली होती?"

सभेत सगळ्यांना रीत ठाऊक होती. न विचारता गेली असेल तर तिने एकटीने गाव सोडायचं. घरच्या कर्त्याने पाठवली असेल तर अख्खं घर उठायचं. माणसं, भांडी, डुकरं, सगळं. मागे राहायची ती अंगणातली थडगी.

तुआलाच्या अंगणात एकच थडगं होतं, निळ्या फरश्यांचं. एलियाचं, त्याच्या मुलाचं.

त्याला रविवारची पहाट आठवली. चर्चची घंटा व्हायची होती. फुआतिनो पांढरा पोशाख घालून, हातात टोपी घेऊन चुलीपाशी उभी होती. "बाबा, साहेबांचा फोन आलाय. जाऊ का?" आणि चुलीतले तापलेले दगड उलथता उलथता तो म्हणाला होता, "कोर्टाची भाकर खातेस ना? बोलावलंय तर जायला पाहिजे. तुझ्या वाटचं जेवण झाकून ठेवतो."

खडीवर बसलेली फुआतिनो आता मान वर करून त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. बाप आता काय ते सांगेल, अशा खात्रीने ती बघत होती.

"मला न विचारता गेली," तुआला म्हणाला.

फुआतिनोने मान खाली घातली. 'विचारून गेले होते' असं ती म्हणाली असती तर अख्खं घर उठलं असतं, पण ती म्हणाली नाही.

मग त्याची जीभ सुटली. पूर्वजांची नावं, गावाचे मानपान, सगळं पंचवीस वर्षांच्या सवयीने बिनचूक बाहेर पडलं, आणि शेवटी ठराव: सूर्यास्ताच्या आत फुआतिनोने गाव सोडावं, आणि गावातल्या कुणी, सख्ख्या आईबापानेसुद्धा, तिच्याशी अवाक्षर बोलू नये. बोलणं झाल्यावर लेमानासुद्धा म्हणाला की झकास बोललास.

संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन बसमध्ये बसली. जायच्या आधी तिने एलियाच्या फरश्या पुसल्या. तुआला घरातून बघत राहिला. सिएनीने, त्याच्या बायकोने, त्या रात्री त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्या समोर बसली नाही. रविवारी झाकून ठेवलेलं पान कुणी खाल्लं, हेही त्याने विचारलं नाही. विचारायचं तोंडच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिएनीने गादी उचलली आणि खालची चटई काढून त्याच्यासमोर ठेवली. रेशमासारखी मऊ, लाल पिसांची किनार असलेली. त्याने ती मागितली नव्हती.

ही चटई त्यांच्या घरची नव्हती. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या ट्रकखाली एलिया गेला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या ट्रकवाल्याचा बाप हीच चटई डोक्यावरून ओढून त्यांच्या अंगणात येऊन बसला होता. माफीची ती रीत. ज्याचं नुकसान झालं त्याने चटई उचलली तर माफ. नाही उचलली तर बसणाऱ्याने बसून राहायचं, दगड पडले तर दगड सोसायचे. "नका उचलू, बाबा," फुआतिनो तेव्हा म्हणाली होती. दुपारपर्यंत तुआला थांबला, मग त्याने उचलली. फुआतिनो महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

तो घराबाहेर पडला. वाटेत लावेआच्या दारात थोडा वेळ थांबला, आणि मग बसथांब्यावर गेला.

आपिआत कोर्टाच्या फाटकासमोर, फुटपाथवर, तो खाली बसला आणि त्याने चटई डोक्यावरून ओढून घेतली. आत अंधार नव्हता. विणीतून पिवळा उजेड झिरपत होता. किनारीखाली चार बोटं जमीन दिसत होती.

"आजोबा, न्यायाधीशांची माफी मागायला आलात होय?" रखवालदाराचे बूट म्हणाले. "आज ते यायचे नाहीत. घरी जा, उन्हाने मराल."

बूट जमत गेले, चपला जमत गेल्या.

"कुठल्या गावचा सरदार आहे हा?"

"कुठलाही असो. गावं ताळ्यावर येतायत, एवढं खरं."

"फोटो काढ, फोटो काढ."

"तळपायाचा काय काढतोस? कुणीतरी उचला ना चटई, तोंड तरी दिसू दे."

मग गर्दीतून एक चपलांचा जोड पुढे आला. तपकिरी, आणि डाव्या पायाचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो दोरा सिएनीचा होता.

चपला थांबल्या. खूप वेळ हलल्या नाहीत. तुआलाच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तो त्या चपलेतला अंगठा बघत राहिला, लहानपणी दगडावर ठेचकाळून वाकडा झालेला.

"बाई, तुमच्या ओळखीचे आहेत का?" रखवालदार म्हणाला.

घरात शिरताना काढतात तशा, एकापाशी एक, चपला निघाल्या. गुडघे टेकले. किनार वीतभर वर झाली आणि फुआतिनो वाकून आत आली. त्याच्या शेजारी बसली, आणि चटई पुन्हा दोघांवर पडली.

"माझ्याशी बोलायचं नाही असा ठराव आहे," ती म्हणाली.

"ठराव मीच सांगितला."

"बाहेर फोटो काढतायत. लावेआला कळेल."

"त्याला कळलंय."

तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. "चवर कुठाय?"

"त्याच्या पायरीवर ठेवून आलो. म्हटलं, मीच पाठवली होती."

बाहेर कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"आणि आई?"

"सामान बांधतेय."

"आणि एलिया, बाबा?"

तुआलाने तोंड उघडलं. पंचवीस वर्षं गावाच्या प्रत्येक मयताला तो बोलला होता. आता तो दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिला.

"चला, फार झालं," रखवालदार जवळ आला. "उन्हात मरतील दोघं. मी उचलतो."

त्याची बोटं लाल पिसांवर आली. फुआतिनोने आतून किनार मुठीत धरली, आणि सोडली नाही.