अंगणातली बाबागाडी

जोशुआनं तो प्रकार पहिल्यांदा मोबाईलवर दाखवला तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की आमचे हे गोठ्यातून दुधाची बादली हातात घेऊन तसेच धावत आले. तिकडं डेन्मार्कमध्ये बर्फ भुरभुरत होता. घरापुढं बाबागाडी उभी होती आणि गाडीत माझी नात कृपा, सहा महिन्यांची, नाक लालबुंद झालेलं, गाढ झोपली होती. तिचे आईबाप आत काचेमागं बसून कॉफी पीत होते.

"अरे, आत घे तिला! थंडीनं काकडून मरेल पोर!"

"मम्मी, इथं सगळे असंच झोपवतात. बाहेरच्या हवेत मुलं चांगली झोपतात. हॉटेलाबाहेरसुद्धा गाड्या ओळीनं उभ्या असतात आणि आईबाप आत जेवत असतात."

"आणि कुणी उचलून नेलं म्हणजे?"

"इथं दुसऱ्याच्या बाळाला कुणी हात लावत नाही."

हात लावत नाही! मला तर ते बर्फापेक्षा भयंकर वाटलं. बाळ काय देवळातली मूर्ती आहे का लांबून बघायला? मी तीस वर्षं बालवाडी चालवली, शेकडो पोरांची शेंबडी नाकं पुसली, पण रडणाऱ्या पोराला उचलायच्या आधी कुणाच्या आईची परवानगी काढली नाही.

नाताळला तिघं घरी आली. आमची वस्ती कोपरगावपासून थोडी आत, चारी बाजूंनी ऊस. कृपा दारात आली आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तिला जी हातोहात घेतली, ती संध्याकाळी जेवणाच्या वेळीच खाली ठेवली. आमची सून मेटे, तिकडचीच, भिंतीला टेकून उभी होती. प्रत्येक मुक्यासरशी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत होता. रात्री मी कृपाच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला (पाळकांना सांगू नका), तर ती ओला रुमाल घेऊन आली आणि पुसून गेली. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

झालं असं, की एवढ्या गोतावळ्यात पोरीची झोप उडाली. दिवसभर किरकिर, रात्रभर किरकिर. शेवटी मेटेनं ती घडीची बाबागाडी उघडली, जी विमानातून कशाला आणली म्हणून मी हसले होते, आणि अंगणात लिंबाखाली उभी केली.

मी आडवी आले. "इथं नाही. हे तुमचं डेन्मार्क नाही. इथं बिबट्या आहे."

बिबट्या म्हणजे काही गोष्टीतला नव्हे. उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो आणि तोड सुरू झाली की बाहेर पडतो. आमच्याच उसाची तोड चालू होती. मागच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं दावणीचं कुत्रं गेलं, नुसती साखळी राहिली.

"मम्मी, भरदिवसा काय होतंय?" जोशुआ म्हणाला. त्यानं बायकोला बिबट्याचं सांगितलंच नव्हतं, ती घाबरून परत जाईल म्हणून. हे मला नंतर कळलं. मेटेनं मला एक डबी दाखवली. बाळ रडलं की ती डबी आत वाजते म्हणे. वर हसून "ओके, आई?" असं विचारलं. आता 'आई' म्हटल्यावर मी विरघळले. तेवढी अक्कल गहाण पडली माझी.

कृपा झोपली. आम्ही मागच्या बाजूला करंज्या तळायला बसलो. ह्यांनी स्पीकरवर नाताळची गाणी लावली होती. मेटे करंजीला मुरड घालायला शिकत होती आणि डबी तिच्या मांडीजवळ गप्प होती. घाणा उतरला तसा तिनं हात पुसले आणि बाळाला बघायला गेली.

ती ओरडली नाही. ती ओरडली नाही याचीच मला भीती वाटली. मी पुढं आले तर ती बाबागाडीजवळ पांढरीफटक उभी होती. गाडी रिकामी होती. पांघरूण निम्मं बाहेर लोंबत होतं.

मला फक्त ती कुत्र्याची साखळी दिसली. "बिबट्या," मी म्हणाले, आणि मग ओरडतच सुटले, "बिबट्यानं नेली! माझी पोर नेली!" मग मी मेटेचे दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवलं. "कसली आई गं तू? तान्हं लेकरू उघड्यावर टाकतेस? आमच्याकडं कुत्री तरी टाकते का पिल्लाला असं?" तिला शब्द कळले नाहीत, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते. तिनं हातसुद्धा सोडवून घेतले नाहीत.

जोशुआ उसाच्या बाजूला धावला. आमचे हे मात्र नळाकडं बघत थांबले. नळाखाली एक हंडा होता, भरून वाहत होता.

"हा हंडा आपला नाही," ते म्हणाले. "तोडीवाल्या बायका पाणी न्यायला येतात. बाई हंडा टाकून गेलीय."

आम्ही सगळे फडाकडं पळालो. माझी एक चप्पल पाटात राहिली.

फडात टोळी सपासप ऊस तोडत होती. कडेला बैलगाडी सोडलेली होती, गाडीखाली लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि झोळीतून लाल लोकरीचा मोजा बाहेर आला होता. कृपाचा मोजा! मी गाडीखाली शिरले. झोळीत कृपा होती, जागी, उसाचं पातं मुठीत धरून खुशीत. तिच्या पायांना पाय लावून तिच्याएवढंच एक काळंसावळं पोर झोपलं होतं.

मी कृपाला काढून छातीशी धरलं. रडू फुटलं, पण त्याच्याआधी संताप फुटला. कोयता हातात घेऊन एक पोरगेली बाई लगबगीनं येत होती. जया, पाथर्डीकडची, आमच्याच नळावर पाण्याला येणारी. तिचा नवरा गहिनीनाथ मागं मोळी बांधायची सोडून उभा राहिला.

"तू उचललंस बाळाला? आम्हाला न सांगता?"

"म्या लई हाका मारल्या, बाई. तुमच्याकडं गानी चालल्याली. कोनीच भायेर येईना." ती आमच्याकडं बघत राहिली. ती घाबरली नव्हती, चकितच झाली होती. "लेकरू एकलंच गाडीत. आजूबाजूला मानूस न्हाई काणूस न्हाई. माझ्या काळजाचं पानी झालं. ऊस तोडाय लागलो की ते जनावर भायेर पडतं, बाई. अन् तुमी लेकरू असं टाकून गेल्ता? मला वाटलं, घरात काय इपरीत झालं का काय. मुकादम हाका मारत हुता, म्हून उचललं अन् आनलं. रडलं न्हाई, हसलं माझ्याकडं बघून."

"आणि आणून कुठं ठेवलंस?" माझा आवाज चिरकला. "उसाला लागून! उघड्यावर! जनावर बाहेर पडतं म्हणतेस, आणि त्याच्याच तोंडाशी पोर ठेवलीस? वेडी आहेस का तू?"

जया गोंधळली. तिनं झोळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाई, माझंबी तितंच हाय की."

फडातले कोयते चालूच होते.

"हितं चार मानसं तरी हायत," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली. "बैल हायत. तुमच्या अंगनात कोनीच नव्हतं."

मी त्या वाटेनं रोज जात होते. रोज झोळी दिसत होती. मी बायकांना पाणी दिलं होतं, नाताळच्या करंज्याही बाजूला काढून ठेवल्या होत्या. पण सातासमुद्रापलीकडचं बर्फातलं बाळ बघून किंचाळणारी मी, या झोळीपाशी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. मला लाज वाटली. आजही ती गेलेली नाही.

झोळीतलं पोर आमच्या आवाजानं जागं झालं आणि रडायला लागलं. जयाच्या हाताला उसाचा चिकटा होता, ती पदराला हात पुसू लागली. त्याआधीच मेटे खाली वाकली. दुसऱ्याच्या बाळाला हात न लावणाऱ्या मुलखातली ती बाई. तिनं जयाकडं बघून मानेनंच विचारलं. जयानं "घ्या की" म्हटलं. मेटेनं त्याला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, आणि तसंच थोपटत जोशुआला हळूच काहीतरी विचारलं.



"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"जाऊ दे, मम्मी."

"सांग म्हणते ना."

त्यानं बापाकडं पाहिलं. हे खाली वाकून उगाच एक पाचट उचलत होते.

"ती विचारतेय, हे शेत कुणाचं आहे?"

मी कृपाला घट्ट धरलं. तिच्या लोकरीला झोळीचा वास लागला होता, घामाचा आणि उसाचा.

"आपलं आहे म्हणून सांग," मी म्हणाले.