बासष्टच्या वर किती?

संस्थेच्या सचिवांचं पत्र येऊन दीड महिना झाला होता, आणि सिद्धता सरांनी त्याला अजून उत्तर धाडलं नव्हतं. खरं तर हो किंवा नाही, एवढंच कळवायचं होतं. पण एका शब्दात उत्तर देणं सरांच्या रक्तातच नव्हतं. "नुसतं उत्तर नको, सिद्धता लिहा," हे त्यांचं वर्गातलं पालुपद. त्यावरूनच पोरांनी नाव पाडलं होतं.

पत्रातला मजकूर सरळ होता. गणित आणि संख्याशास्त्र, दोन्ही विषयांना मिळून पुढल्या वर्षी एकच जागा राहणार, दुसऱ्याची नोकरी संपणार. पदवीच्या मुलांना संख्याशास्त्रही शिकवायची सरांची तयारी असेल, तर जागा सरांची. नसेल, तर दोन्ही विषय संख्याशास्त्राच्या बाईंकडे जातील.

या बाई आणि सर म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. बाईंचा तास सरांच्या तासानंतर, त्याच खोलीत. सर फळा काठोकाठ भरून निघून जायचे, आणि बाई तो पुसत शिक्षकांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या, "घ्या! आजही सडा टाकून गेले!"

एकदा तर चहाच्या वेळी सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या त्या सिद्धतेचं पुढे काय करतात हो? लोणचं?"

खोली हसली. सरांनी पुस्तकात डोकं घातलं. चोख जवाब त्यांना सुचला, पण घरी जाऊन चपला काढताना. "तुमच्या विषयात असतं काय? अंदाज!" असं ते भिंतीला म्हणाले.

"कुणाशी भांडताय?" आतून बायकोनं विचारलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "त्या पत्राचं काय केलंत? त्या बाईची दया येते की काय?"

"दया? ती समोर आली की माझं डोकं उठतं."

"मग हो लिहा आणि मोकळे व्हा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, आता कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"मला ते शिकवता येतं की नाही, हे तरी बघू दे."

"अहो, शिकवण्यात केस पिकले तुमचे!"

"गणित शिकवण्यात," सर म्हणाले.

बाई परीक्षेच्या बैठकीला गेल्या, त्या दिवशी सरांनी त्यांचा तास स्वतः मागून घेतला. विषय होता प्रसामान्य वक्र, म्हणजे घंटेच्या आकाराचा. त्यात अवघड ते काय? सरांनी आपलं जुनं पुस्तक चाळलं आणि वर्गात जाऊन उदाहरण घातलं : सरासरी वजन पन्नास किलो, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, दहा. बासष्टच्या वर वजन असलेले किती?

"बासष्ट म्हणजे सरासरीच्या वर बारा. भागिले दहा, एक पूर्णांक दोन. त्याच्यासमोर तक्त्यात काय आहे?"

"शून्य पूर्णांक तीन आठ चार नऊ," मुलांनी हातातल्या छापील कागदावरून वाचलं.

"एकातून वजा करा. शंभरात साधारण एकसष्ट जण." सरांनी उत्तराभोवती चौकट काढली.

पहिल्या बाकावरची मुलगी घुटमळली. "सर, सरासरीच पन्नास आहे ना? मग निम्म्याहून जास्त लोक बासष्टच्या वर कसे?"

"सगळे सरांच्या खानावळीत जेवतात!" मागून आवाज आला. वर्ग खिदळला.

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चूक त्यांना उमगली. त्यांच्या पुस्तकातला तक्ता वक्राच्या डाव्या टोकापासून क्षेत्रफळ मोजायचा, मुलांचा मधल्या रेषेपासून. मुलांच्या तक्त्यात वजाबाकी अर्ध्यातून करायची होती. म्हणजे शंभरात जेमतेम बारा.

"पण सर, आपल्या हातात कोणता तक्ता आहे हे ओळखायचं कसं?" मुलीनं विचारलं.

सर फळ्याकडे वळले आणि संकलनाचं चिन्ह काढून मुळापासून सिद्धता मांडायला घेतली. दुसरी ओळ, तिसरी ओळ. मागे कुजबुज, मग जांभया, मग उघड गप्पा. सर लिहीतच राहिले. फळा संपत आला तेव्हा दारातून आवाज आला.

"शून्यासमोर काय छापलंय ते बघा." बैठक आटोपून बाई परत आल्या होत्या. "शून्यच असेल तर मोजणी मधून. अर्धा असेल तर टोकापासून. झालं."

"हां!" सगळा वर्ग एकदम म्हणाला. ती मुलगीसुद्धा.

बाईंनी सरांच्या हातातून डस्टर घेतलं. "सर, परीक्षेत ही पोरं नापास होतात, तुमची सिद्धता नाही. या आता."

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. सरांनी रागारागानं कागद पुढे ओढला. 'मी तयार आहे' असं लिहिलं की या बाईचं तोंड कायमचं बंद. आणि मग दोन वर्षं ती पहिल्या बाकावरची मुलगी, किंवा तिच्यासारखी कुणी, विचारत राहणार आणि आपण फळा भरत राहणार.

त्यांनी लिहिलं : 'संख्याशास्त्र मला शिकवता येत नाही. बाईंना येतं. गणितही त्यांना द्यावं, निभावतील. त्यांची वागणूक अत्यंत उद्धट आहे, याची नोंद घ्यावी.' शेवटचं वाक्य खोडावं का, यावर बराच विचार केला. नाही खोडलं. तेही खरंच होतं.

फाटकाशी बाईंनी गाठलंच. "सर, परत माझ्या वर्गात पाय ठेवायचा नाही. सांगून ठेवते."

"नाही ठेवणार," सर म्हणाले. या खेपेला उत्तर जागेवर सुचलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. पेटी गच्च भरली असावी. पाकिटाचा कोपरा फटीतून बाहेर डोकावत होता, सहज ओढून घेता येईल इतका. सरांनी दोन बोटं घालून ते पार आत ढकललं.