ड्राइव्ह सापडत नाही

तिसऱ्यांदा इन्स्टॉलेशन अर्ध्यात बोंबललं तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. लॅपटॉपची आतली डिस्क गेली होती, म्हणून तो बाहेरच्या ड्राइव्हवर सिस्टिम टाकत होता. आणि स्क्रीन म्हणत होती, ‘ड्राइव्ह सापडत नाही’.

“सापडत नाही म्हणजे? समोर धोंड्यासारखा पडलाय!”

केबल बदलून झाली, ड्राइव्ह विकणाऱ्या दुकानदाराला शिव्यांची लाखोली वाहून झाली. मग त्याचा मोर्चा बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाबांकडे वळला. दिसेल ते बटण बंद करत घरभर फिरायची आणि ‘खोलीतून निघताना बटणं बंद करत जा’ असं त्याला बजावायची त्यांची जन्माची खोड.

“बाबा, दाराजवळ ड्राइव्हचा प्लग लावलाय. ते बटण तुम्हीच बंद करताय! वाट लावलीत माझ्या कामाची!”

“मी सकाळपासून खुर्चीतून उठलो तरी का?”

“मग काय भुतानं केलं?”

त्यानं पाय आपटत जाऊन सगळं पुन्हा सुरू केलं. टक्के सरकायला लागले, तसा तो तणतणतच पाणी प्यायला निघाला. दारातून बाहेर पडताना त्याचा हात आपसूक बोर्डावर गेला आणि सगळी बटणं खटाखट बंद झाली.

बाबांनी पेपर खाली ठेवला.

“चला, जन्मात माझं एवढं तरी ऐकलंस!”