गर्दीतली रताळेवाली

निकाल कळला तेव्हा मी जेवत होतो. संपादक कुबोदेरा यांचा फोन आला आणि त्यांनी आधी थंडीची चौकशी केली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. आमच्या चित्रकथांच्या मासिकाचे वाचक दर वर्षी कार्डावर आपलं आवडतं पात्र कळवतात. जे पहिलं येतं त्याचं रंगीत चित्र नव्या वर्षाच्या अंकात अगदी सुरुवातीला छापतात. हा मान आजवर माझ्या नायकाचा, तोगोचा होता.

"तोगो या वेळी दुसरा आलाय," कुबोदेरा म्हणाले.

मी विचारलं, मग पहिलं कोण, राजकन्या का? म्हटलं, तीही शेवटी माझीच.

"नाही, सेन्सेई. रताळेवाली."

कार्डावर पात्रांची नावं छापलेली असतात आणि खाली 'इतर' म्हणून एक कोरी ओळ असते. ती ओळ सहसा कोणी भरत नाही. या वर्षी ढिगाने लोकांनी तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, बाजारातली रताळेवाली. माझ्या कथेत असं कोणी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

तोगो सोळा वर्षांचा. शाळेच्या पोहण्याच्या तलावात बुडतो आणि वर येतो तो थेट ड्रॅगनांच्या राज्यात. आमच्या धंद्याचा नियमच आहे, या जगात मेल्याशिवाय दुसऱ्या जगात जाता येत नाही. बाकीच्यांचे नायक ट्रकखाली जातात, माझा पाण्यातून गेला, म्हणून त्याचा गणवेश कायम ओला आणि केसांतून थेंब गळत असतात. ही कल्पना माझी. तिच्यावर अकरा वर्षं माझं घर चाललं आहे.

पण खरं सांगायचं तर पानावर मी फक्त मुख्य माणसं काढतो. मागच्या रिकाम्या जागेत निळ्या पेन्सिलीने 'किल्ला' किंवा 'बाजार' लिहितो, बाकी मदतनीस बघून घेतात. सहा वर्षं ते काम उकाई करत होती. कमी बोलणारी मुलगी. थंडीत गल्लीतून भाजलेल्या रताळ्यांची गाडी गाणं लावून जायची, तेव्हा मात्र पेन टाकून जिना धडाधडा उतरायची, आणि वर आली की अर्धं रताळं माझ्या टेबलावर ठेवायची. मी ते खायचो.

त्या दुपारी मी जुने अंक काढून बसलो. बाई सगळीकडे होती. पालथ्या पिंपावर बसलेली, धुरामुळे एक डोळा मिटलेला. पुढे माझा तोगो तलवार उपसून उभा, आणि मागे ही एका सरदाराला सुट्ट्या पैशांवरून झापतेय. पुढे लढाई, मागे हिची डुलकी. सहा वर्षांत तिचे केस पिकत गेले होते, मफलरला ठिगळ लागलं होतं. माझ्या तोगोत मात्र काडीचा फरक नव्हता. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

उकाईला बोलावून मी विचारलं, "ही कोण?"

"गर्दी आहे, सेन्सेई. तुम्ही 'बाजार' लिहिलं होतंत."

"मग गर्दीत पुन्हा पुन्हा हीच का?"

"विकायला बसणाऱ्यांची जागा ठरलेली असते ना," ती म्हणाली, "रोज कोण बदलेल?"

उद्धटपणे नाही म्हणाली. उद्धटपणे म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ओसरी दिली की पाहुणा हातपाय पसरतो म्हणतात. इथे तर पाहुणी घरभर होऊन बसली होती आणि मला पत्ताच नव्हता.

कुबोदेरांनी चाचरत सुचवलं की रंगीत चित्र उकाईने काढावं आणि सही मी करावी. माझा तिळपापड झाला. माझ्या जगातली बाई मला काढता येत नाही की काय? बसलो काढायला. किती कागद फाडले ते विचारू नका. दर वेळी तीच गत, तोगोच्याच डोक्याला फडकं बांधल्यासारखं दिसायचं. मला एकच चेहरा येतो. हे मला पूर्वीपासून माहीत होतं, पण तोवर ते दुसऱ्या कोणाला दिसेल असं काही घडलं नव्हतं.

मग मी सोपा मार्ग काढला.

"पुढच्या भागात ड्रॅगन बाजार जाळतो," मी उकाईला सांगितलं. "आगीतून कोणी वाचत नाही."

"कोणीच नाही?"

"रताळी विकणारेसुद्धा नाहीत."

"बरं," ती म्हणाली आणि कोरं पान पुढे ओढलं.

पान संध्याकाळी माझ्यासमोर आलं. राख, जळके वासे, माणूस एक नाही. सांगितलं तसंच. फक्त कोपऱ्यात ते पालथं पिंप, आणि शेजारच्या गरम राखेत ओळीने मांडलेली रताळी. एक अर्धवट खाल्लेलं, त्यातून वाफ निघतेय. बाई कुठेही नव्हती आणि ती जिवंत आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. इतकं चांगलं पान माझ्या मालिकेत दुसरं नव्हतं. मी पांढरी शाई घेतली आणि ती रताळी एकेक करून पुसली. पिंपही पुसलं.

मेलेल्या बाईचं चित्र नव्या वर्षाच्या अंकात अशुभ दिसेल, हे मी कुबोदेरांच्या गळी उतरवलं. रंगीत पान तोगोला मिळालं. उकाईने छापलेला अंक उघडला, राखेच्या पानावर थांबली, मिटला आणि कामाला लागली. वसंतात तिने कमरेत वाकून इतक्या वर्षांच्या सांभाळाबद्दल आभार मानले. दुसऱ्या मासिकाने तिची स्वतःची मालिका घेतली होती. मी तोंडभरून अभिनंदन केलं. आतल्या आत काय जळत होतं ते मलाच माहीत.

तिचा पहिला भाग आला त्या दिवशी मी टोपी घालून, दोन स्टेशनं पलीकडच्या दुकानातून तो अंक आणला. ओळखीच्या दुकानात घेताना कोणी पाहिलं असतं तर? घरी येऊन उघडला. तिचं जग वेगळंच, पाण्यावर तरंगणारं गाव. पण तिसऱ्याच पानावर घाटाच्या कडेला, पालथ्या पिंपावर, एक डोळा मिटून ती बसलेली. मफलरच्या कडा जळालेल्या. मी मारली आणि ती नियमाप्रमाणे दुसऱ्या जगात पोचली होती.

तिच्यासमोर गर्दीत एक शाळकरी पोरगा पाठमोरा उभा होता. गणवेश निथळता, केसांतून थेंब. तो जरासा वळला होता, गालात गरम रताळं धरून, जीभ पोळल्यामुळे तोंड वेडंवाकडं करून. अकरा वर्षांत माझ्याकडे तो एकदाही असा दिसला नव्हता. माझ्याकडे त्याला कधी भूकच लागली नव्हती.

त्यांच्या अंकातही मतांचं कार्ड असतं. मी ते कापून घेतलं आणि 'इतर'च्या ओळीवर पेन टेकवलं. रताळेवाली असं लिहायला हात काही वळेना. शेवटी मी 'ओला मुलगा' असं लिहिलं, आणि नाव न घालता टपालपेटीत टाकलं.